नवागतांच्या मदत-विनंत्या: फॉन्ट-परिवर्तक प्रकल्पाच्या नोंदी (जुलै ते ऑक्टोबर २०२४)

१ जुलै २०२४, सोमवार

आजपासून मदत-विनंत्यांचे काम माझ्याकडे आले. आमचा परिवर्तक युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतपद्धतीत) बदलून देतो. त्याचा स्रोत (मूळ कोड) गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खुला असून तो सांभाळणारे आम्ही पाच जण नोकरी करून उरलेल्या वेळात हे काम करतो. तिघे मुंबईत, एक सहकारी ठाण्याला आणि एक वसईला. संगणकाशी रोजचा संबंध असलेली मंडळी गिटहबवर इश्यू (अडचणीची किंवा विनंतीची नोंद) नोंदवतात. बाकीचे कुणाकडून तरी आमच्यापैकी एखाद्याचा नंबर मिळवून फोन करतात किंवा व्हॉट्सॲपवर पडद्याचा फोटो पाठवतात.

ताबा घेताना एकवीस इश्यू उघडे होते आणि त्यांतल्या नऊ इश्यूंना एकही उत्तर गेलेले नव्हते. फोनवर कोणी कोणाला काय सांगितले, याचा हिशेब कोणाकडेच नाही. सर्वांत जुनी अनुत्तरित नोंद मार्चमधली आहे आणि तिचा मजकूर एवढाच आहे: ‘अक्षरे बरोबर येत नाहीत, कृपया मदत करावी.’ यावर काय विचारावे हे न सुचल्यामुळे पाचही जणांनी ती वाचून तशीच सोडली असावी. मी तरी तसेच केले होते.

४ जुलै, गुरुवार

इश्यू नोंदवताना समोर येणारा अर्ज आज अनोळखी माणसासारखा बसून भरून पाहिला. त्यात अकरा प्रश्न आहेत: ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, परिवर्तकाची आवृत्ती, फॉन्टचे नाव, फॉन्टची आवृत्ती, चूक पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या, आणि असेच पुढे. हा अर्ज दोन वर्षांपूर्वी मीच तयार केला होता आणि तेव्हा त्याचे मला कौतुकही वाटले होते. आज चौथ्या प्रश्नाशी थांबलो, कारण माझ्याच जुन्या फाइलमधल्या फॉन्टची आवृत्ती मला सांगता येईना.

हा प्रश्न इतका अवघड का आहे, ते नंतर काम हाती घेणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवरच मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. जेमतेम २५६ खण, त्यांत कुठे अर्धे अक्षर, कुठे काना, कुठे रफार. कोणत्या खणात काय ठेवायचे हे प्रत्येक निर्मात्याने आपल्या सोयीने ठरवले आणि एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांतही खण हलले. शिवाय या पद्धतीत मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवला जातो. ‘दहिसर’ लिहिताना आधी द, मग वेलांटी, मग ह. युनिकोडमध्ये मात्र द, ह आणि त्यानंतर वेलांटी. रफाराचे याच्या उलट आहे: जुन्या पद्धतीत तो अक्षर टंकून झाल्यावर येतो, तर युनिकोडमध्ये त्याचा र् अक्षराच्या आधी साठवला जातो. परिवर्तकाचे निम्मे काम खण ओळखण्याचे आणि निम्मे हा क्रम फिरवण्याचे आहे. खण ओळखण्यासाठी आवृत्ती कळणे आवश्यक असते. पण फाइल वीस वर्षांपूर्वीची, ती टंकणारा ऑपरेटर केव्हाच नोकरी सोडून गेलेला, आणि आज ती उघडणारी व्यक्ती म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरी किंवा शाळेतले लिपिक. त्यांनी हे कुठून सांगावे?

८ जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. लोकल विस्कळीत असल्याने घरीच राहिलो आणि नऊही अनुत्तरित नोंदींना उत्तरे लिहिली. संध्याकाळपर्यंत दोघांचे प्रत्युत्तर आले. त्यांतले एक मार्चमधल्या गृहस्थांचे होते: ‘आता गरज नाही. सर्व चाळीस पाने पुन्हा टाइप करून घेतली.’

ठाण्याच्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की, तोडगा हाती नसताना नुसते ‘बघतो’ लिहिण्यात अर्थ नाही, त्याने अपेक्षा मात्र वाढते. मला हे पटत नाही. उत्तर केव्हा येईल हे कळले असते, तर त्या गृहस्थांनी टंकलेखकाला पैसे देण्यापूर्वी निदान आठवडाभर वाट पाहिली असती, किंवा थांबण्यात अर्थ नाही हे ओळखून पहिल्याच दिवशी टाइप करायला दिले असते. बरीच चर्चा होऊन ठरले ते असे: एका आठवड्याला एकाच व्यक्तीची पाळी असेल, तिने अठ्ठेचाळीस तासांत प्रत्येकाला पहिले उत्तर द्यावे, त्यात पुढचे उत्तर कोणत्या वारी मिळेल ते लिहावे, आणि जमण्यासारखे नसेल तर तसे त्याच उत्तरात सांगावे. फोनवरच्या विनंतीचीही पाळीवाल्याने दोन ओळींत इश्यू म्हणून नोंद करायची आहे.

१९ जुलै, शुक्रवार

दुपारी अंधेरीच्या एका कार्यालयातून फोन: ‘तुमचे सॉफ्टवेअर काल टाकले आणि आज आमचे सगळे कॉम्प्युटर निळे पडले.’ एका सुरक्षा-प्रणालीच्या सदोष अपडेटमुळे आज जगभरातले विंडोज संगणक असेच बंद पडले आहेत, विमानतळांवरही हीच स्थिती आहे, हे समजावण्यात वीस मिनिटे गेली. इश्यू नोंदवला आणि ‘आमच्याशी संबंध नाही’ असे लेबल लावले. हे लेबल यापूर्वी नव्हते, यापुढे लागेल.

२७ जुलै, शनिवार

आज एक गंभीर चूक घडली आणि तिचा दोष विनंती करणाऱ्याकडे जात नाही. एका गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरींनी अर्जातल्या ‘नमुना फाइल जोडा’ या सूचनेप्रमाणे पूर्ण फाइल जोडली आणि तिच्यातली पहिली पाने इश्यूच्या मजकुरातही चिकटवली. ती थकबाकीदार सभासदांची यादी होती: नाव, सदनिका क्रमांक, मोबाइल क्रमांक, थकलेली रक्कम. आमची नोंदवही सर्वांना खुली आहे, हे त्यांच्या ध्यानातही नव्हते आणि अर्जात तसे कुठेही लिहिलेले नव्हते.

मजकूर खोडून भागत नाही, कारण नोंद दुरुस्त केली तरी आधीचा मजकूर संपादनाच्या इतिहासात कोणालाही पाहता येतो. म्हणून पूर्ण इश्यूच काढून टाकला, जोडलेल्या फाइलबाबत गिटहबकडे स्वतंत्र विनंती केली आणि सेक्रेटरींना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘अहो, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी हे पाहिले असते तर या वर्षीची सभा झालीच नसती.’ नोंद सुमारे दोन तास उघडी होती. त्यांचे काम मी स्वतः त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच संगणकावर करून दिले आणि फाइलची प्रत घेतली नाही.

‘नमुना फाइल जोडा’ ही सूचना आजच काढली. तिच्या जागी आता एवढेच आहे: ‘जी ओळ चुकते आहे ती एकच ओळ मूळ फाइलमधून कॉपी करून येथे चिकटवा. त्यात कोणाचे नाव किंवा क्रमांक असल्यास दुसरी ओळ निवडा. येथे लिहिलेले सर्वांना दिसते.’

११ ऑगस्ट, रविवार

अर्ज आता तीन प्रश्नांचा आहे: चुकलेली मूळ ओळ, ती कशी यायला हवी होती, आणि मूळ फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडता. फॉन्टचे नाव आम्ही विचारतच नाही, कारण चिकटवलेल्या ओळीतल्या इंग्रजी चिन्हांच्या ठेवणीवरून खणांचा आराखडा बहुतेक वेळा ओळखू येतो आणि नाही आला तर आम्ही आणखी एक ओळ मागतो.

या बदलाचा फायदा अपेक्षेपेक्षा लवकर दिसला. आठवडाभरात तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून विनंत्या आल्या: मालाडची एक सोसायटी, बोरिवलीची एक शाळा आणि पार्ल्यातले एक ग्रंथालय. तिन्हींमध्ये पत्ता चुकत होता. ‘मालाड (पश्चिम)’ लिहिलेले ‘मालाड (पचिम)’ असे येत होते. अशीच तक्रार मे महिन्यात व्हॉट्सॲपवर फोटोसह आली होती आणि मूळ फाइलच्या फोटोत ‘पश्चिम’ स्वच्छ दिसत असल्यामुळे आमच्यापैकी एकाने ‘टंकताना चूक झाली असेल’ असे उत्तर देऊन विषय संपवला होता. तो एक जण मीच.

चिकटवलेली ओळ पाहिल्यावर कारण कळायला पाच मिनिटेही लागली नाहीत. या फॉन्टमध्ये अर्धा श साध्या उभ्या अवतरणचिन्हाच्या खणात आहे. वर्ड प्रोसेसर आपणहून उभ्या चिन्हाचे वळणदार चिन्ह करतो. फॉन्ट बनवणाऱ्याने हे ओळखून वळणदार चिन्हाच्या खणातही अर्धा श ठेवला होता, त्यामुळे मूळ फाइल पडद्यावर आणि कागदावर निर्दोष दिसे. आमच्या तक्त्यात (कोणत्या खणात कोणते अक्षर, याच्या यादीत) मात्र तो दुसरा खण नव्हताच. अनोळखी चिन्ह दिसले की परिवर्तक ते निमूटपणे गाळत होता आणि पश्चिम उपनगरांतल्या प्रत्येक पत्त्याचा श जात होता. फोटो कितीही स्पष्ट असला तरी त्यावरून हे कधीच कळले नसते, कारण फोटोत अक्षराचा आकार येतो, त्यामागचे चिन्ह येत नाही.

तक्त्यात एक ओळ वाढवली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अनोळखी चिन्ह यापुढे गाळले जाणार नाही, तर पिवळ्या चौकटीत तसेच दाखवले जाईल. मे महिन्यातल्या त्या बाईंना फोन करून चूक आमची होती हे सांगितले. त्यांनी तोवर सगळे ‘पचिम’ हाताने दुरुस्त केले होते.

२४ ऑगस्ट, शनिवार

‘पश्चिम’च्या आणखी चार विनंत्या आल्या. चारही पहिल्या नोंदीशी जोडून रीतीप्रमाणे बंद केल्या. संध्याकाळी त्यांतल्या एका काकांचा फोन: ‘माझी तक्रार बंद का केलीत? मी काही चुकीचे लिहिले का?’ गिटहबने पाठवलेल्या ईमेलचा त्यांनी लावलेला अर्थ सरळ होता: सरकारी कार्यालयात तक्रार बंद झाली म्हणजे ती दप्तरात गेली. आम्ही वर्षानुवर्षे ही क्रिया दिवसातून दोनदा करत आलो आहोत आणि ती समोरच्याला कशी दिसते, हे आम्हाला एका निवृत्त गृहस्थांनी सांगावे लागले.

यापुढे नोंद बंद करण्यापूर्वी हा मजकूर लिहायचा आहे: ‘आपल्यासारखीच अडचण आधी एकांनी कळवली आहे. दोन्ही नोंदी एकत्र केल्या आहेत. उत्तर तेथे मिळेल आणि आपल्यालाही कळवले जाईल.’ ‘डुप्लिकेट’ हे लेबल आमच्या सोयीसाठी ठेवले आहे, पण उत्तरात तो शब्द वापरायचा नाही.

तयार उत्तरांबद्दलही एक सूचना लिहून ठेवतो, कारण वसईच्या सहकाऱ्याने अशा अठरा उत्तरांचा साठा केला आहे आणि तो उपयोगी आहे. मात्र समोरच्याने दिलेल्या ओळीतला एखादा शब्द उचलून घेतल्याशिवाय तयार उत्तर पाठवू नये. परवा एका शिक्षिकेला रफाराविषयीचे उत्तर गेले. तिचा प्रश्न वेलांटीचा होता. उत्तर अवघ्या सात मिनिटांत गेले होते, त्यामुळे आकड्यांत ते उत्तम दिसते.

१ सप्टेंबर, रविवार

गणेशोत्सव शनिवारी सुरू होतो. मंडळांच्या अहवालांची आणि स्मरणिकांची धावपळ असल्याने डीटीपीवाल्यांच्या विनंत्या एकदम वाढल्या. बहुतेकांना जुन्या अहवालातले मजकूर नव्याने वापरायचे आहेत. त्यांच्या अडचणी ठरावीक आहेत आणि त्यांची उत्तरे झाली.

वेगळी विनंती गिरगावातल्या एका मुद्रितशोधक ताईंची आहे. दिवाळी अंकाच्या मजकुरात त्यांना दोन चुका आढळल्या: पाककृतींच्या लेखात ‘आचाऱ्यांना’ऐवजी ‘आचार्यांना’ आणि प्रवासलेखात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ऐवजी ‘सह्याद्रीच्या दर्या’. त्यांनी तीन ओळी एकाखाली एक दिल्या होत्या: मूळ ओळ, आलेली ओळ, हवी असलेली ओळ, आणि खाली शेरा: ‘शुद्धलेखन-तपासणीत ही चूक सापडणार नाही, कारण दोन्ही शब्द मराठीत आहेत.’ दोन वर्षांत आम्हाला आलेली ही सर्वांत नेमकी विनंती आहे, आणि ती करणाऱ्या व्यक्तीने गिटहबचे खाते त्याच सकाळी उघडले होते.

कारण शोधल्यावर आमचीच करामत निघाली. ‘दऱ्या’मधला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र् नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. आमचा तक्ता दुसरा प्रकार वापरत होता. एप्रिलमध्ये आम्ही ‘अदृश्य चिन्हे साफ करा’ अशी एक पायरी वाढवली, तिने ते जोडचिन्हही साफ केले आणि आचाऱ्यांचे आचार्य झाले. आता पहिला प्रकार वापरला आहे. दुरुस्ती त्याच रात्री प्रसिद्ध केली, कारण दिवाळी अंकांची पाने याच महिन्यात लागतात आणि छापून गेलेल्या ‘दर्या’ला दुरुस्ती नसते.

१५ सप्टेंबर, रविवार

सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे आज शेवटची तारीख. हे आमच्या ध्यानात आधी यायला हवे होते, कारण दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात विनंत्या का वाढतात याविषयी आम्ही नुसते तर्क करत होतो. गेल्या वर्षीचे इतिवृत्त जुन्या फॉन्टमध्ये आणि नवी सूचना व्हॉट्सॲपवर पाठवायची असल्याने युनिकोडमध्ये, अशी प्रत्येकाची अडचण असते.

या वेळी तक्रारी पूर्वेच्या होत्या. कांदिवली, मुलुंड, घाटकोपर: ‘पूर्व’चे ‘पूवर्’, ‘सर्व सभासद’चे ‘सवर् सभासद’. रफार जागचा हललाच नव्हता. फॉन्टच्या नव्या आवृत्तीत रफारासाठी वेगळा खण आहे. तक्त्यात तो नोंदलेला होता, पण रफार मागे नेणारा नियम अजून जुनाच खण शोधत होता. आमच्यात आता या दोन चुकांना ‘पश्चिमेची’ आणि ‘पूर्वेची’ हीच नावे पडली आहेत, आणि इश्यूच्या शीर्षकापेक्षा ती लवकर समजतात.

घरी गौरी-गणपती असल्यामुळे दोन सहकारी आठवडाभर उपलब्ध नव्हते आणि अठ्ठेचाळीस तासांचा नियम चार वेळा मोडला. चौघांनाही उशीर झाल्याचे कळवले. पुढच्या वर्षी या पंधरवड्यात दोघांची पाळी एकत्र ठेवावी.

२२ सप्टेंबर, रविवार

दादरला प्रत्यक्ष बैठक. मुद्रितशोधक ताई गेले तीन आठवडे नव्या विनंत्यांना आपणहून उत्तरे देत आहेत, तेव्हा त्यांना अधिकार द्यावेत का, हा एकच विषय होता. एका सहकाऱ्याने मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या एक्सझेड (फाइली लहान करणारे एक खुले सॉफ्टवेअर) प्रकरणाची आठवण करून दिली, आणि ते योग्यच होते. त्या प्रकरणात एका खातेधारकाने जवळपास दोन वर्षे चांगले काम करून थकलेल्या मुख्य सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला. दरम्यान इतर अनोळखी खात्यांवरून ‘नव्या माणसाला अधिकार द्या’ असा दबाव येत राहिला, आणि अखेर ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा दरवाजा बसवला गेला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले, म्हणून ते सापडले.

माझे मत असे पडले की, या उदाहरणाचा धडा नवागतांना दूर ठेवण्याचा नाही. तेथे एकट्या माणसावर सगळा भार होता, हे मूळ दुखणे होते. गिटहबवर ‘ट्रायाज’ ही भूमिका नेमकी अशा कामासाठी आहे: लेबल लावता येते, नोंदी जोडता आणि बंद करता येतात, मात्र कोडला हात लावता येत नाही. ती ताईंना देण्याचे एकमताने ठरले. त्यांना विचारले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘यात कोडिंग शिकावे लागेल का?’ नाही म्हटल्यावर त्यांनी आमच्या तयार उत्तरांची छापील प्रत मागितली. ती लाल शाईने भरून परत आली. अठरापैकी अकरा उत्तरांत शुद्धलेखनाच्या चुका होत्या, आणि मराठी मजकुराची सेवा करणाऱ्या प्रकल्पाला हे शोभत नाही, असे त्यांनी समासात लिहिले आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

उघडे इश्यू सहा. एकही अनुत्तरित नाही. फोनवरच्या विनंत्यांची नोंद अजून निम्मीच होते, कारण लोकलमध्ये उभ्याने घेतलेला फोन घरी पोहोचेपर्यंत विसरला जातो. त्यावर उपाय सापडलेला नाही.

सहापैकी चार विनंत्या पीडीएफच्या आहेत. पीडीएफमध्ये फॉन्टचे फक्त वापरलेले तुकडे भरलेले असतात आणि त्यांचे संकेतांक अनेकदा नव्याने लावलेले असतात, त्यामुळे तेथून कॉपी केलेली ओळ आमच्या कोणत्याच तक्त्याशी जुळत नाही. हे काम आमच्या आवाक्यातले नाही, असे चौघांनाही आज स्पष्ट कळवले आणि मूळ फाइल डीटीपीवाल्याकडे शिल्लक आहे का ते पाहावे, असे सुचवले. एकांनी उत्तर दिले की डीटीपीवाले परळहून बदलापूरला गेले, पण फोन लागतो. त्यांची नोंद उघडी ठेवली आहे.

पुढील आठवड्याची पाळी ताईंची. अर्जातल्या पहिल्या प्रश्नाखाली ‘फोटो चालणार नाही’ असे होते, ते त्यांच्या सूचनेवरून बदलून ‘फोटोबरोबर तीच ओळ चिकटवावी’ असे केले.